नीटचा निकाल लागला, आता पुढे काय? यंदाच प्रवेश घ्यायचा की एक वर्ष थांबायचं?

साधारण जूनमध्ये नीटचा निकाल लागतो आणि आपल्या घराघरांत तोच प्रश्न सुरू होतो. मुलगा पास झाला आहे, पण मार्क सरकारी एमबीबीएसला पुरतील असं दिसत नाही. मग मिळेल त्या कोर्सला यंदाच प्रवेश घ्यायचा, की एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा द्यायची? मुलं याला 'ड्रॉप घेणं' म्हणतात. अम्मी म्हणते, मुलाची इच्छा आहे तर देऊ या एक वर्ष. अब्बूंना क्लासची फी दिसत असते. मामू सांगतात, त्यांच्या शेजारच्या मुलाला दुसऱ्या वेळी मिळालं. चाचा सांगतात, त्यांच्या ओळखीच्या मुलाची तीन वर्षं गेली.

मामू आणि चाचा दोघंही खरंच सांगत असतात. ड्रॉप घेऊन डॉक्टर झालेली मुलं आहेत आणि ड्रॉप घेऊन होते त्याच मार्कांवर राहिलेली मुलंही आहेत. शाळेत शिकवताना दोन्ही प्रकारची मुलं मी पाहते. फरक बहुतेक वेळा हुशारीचा नसतो. मार्क कशामुळे कमी पडले हे पहिल्या मुलाला नेमकं माहीत असतं आणि ते कारण एका वर्षात दूर होण्यासारखं असतं. दुसऱ्या मुलाने 'या वेळी जास्त मेहनत करीन' एवढंच ठरवलेलं असतं. म्हणून ड्रॉप चांगला की वाईट, असा प्रश्न विचारू नका. मार्क कुठे गेले, ते दहा महिन्यांत परत मिळतील का आणि तोपर्यंत आपली कागदपत्रं तयार होतील का, हे तीन प्रश्न विचारा. या लेखात ते एकेक करून पाहू.

आधी नियम समजून घ्या

बऱ्याच घरांत निर्णय घाबरून होतो, कारण नियमच माहीत नसतात. नीट देण्यासाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली आहे. परीक्षा किती वेळा द्यायची यावरही बंधन नाही. म्हणजे 'यंदा नाही तर कधीच नाही' असं काही नसतं.

एक वर्ष मध्ये गेलं म्हणून प्रवेशाच्या यादीत मागे टाकलं जात नाही. प्रवेशाच्या वेळी त्या वर्षाबद्दल गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, एवढंच. गुणवत्ता यादी त्या वर्षीच्या नीटवरच लागते.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. भारतातल्या प्रवेशासाठी नीटचा स्कोर त्याच वर्षापुरता चालतो. यंदा बीडीएस किंवा बीयूएमएस मिळण्याइतके मार्क आहेत, ते सोडून ड्रॉप घेतला आणि पुढच्या वर्षी मार्क कमी आले, तर मागच्या वर्षीचे मार्क दाखवता येत नाहीत. हातातलं सोडायचं असेल तर हे आधी माहीत असलं पाहिजे.

बारावीचे मार्कही विसरून चालत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. नीट चांगली गेली पण इथे अडकलं, तर प्रवेश होत नाही. ज्यांचं इथे कमी पडलं आहे, त्यांनी आधी बारावी पुन्हा देऊन हे काम उरकावं. ड्रॉपचा विचार त्यानंतर.

'क्वालिफाय' झालो म्हणजे सीट मिळाली का?

निकालाच्या दिवशी 'नीट क्वालिफाय' असं लिहिलेलं पाहून घरात मिठाई येते. पेढे वाटायला हरकत नाही, पण क्वालिफाय होणं म्हणजे रांगेत उभं राहण्याची परवानगी मिळणं. २०२५ मध्ये देशभरात २२ लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली आणि १२ लाखांहून जास्त मुलं क्वालिफाय झाली. एमबीबीएसच्या जागा साऱ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आसपास, त्यातही सरकारी कॉलेजांतल्या निम्म्याच्या जवळपास. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाला क्वालिफाय व्हायला ७२० पैकी १४४ मार्क पुरत होते. १४४ वर सरकारी एमबीबीएस मिळत नाही, हे सांगायला नको.

दुसरी चूक म्हणजे मार्कांची तुलना. २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० घेणारी एक-दोन नाही तर बरीच मुलं होती. २०२५ मध्ये पेपर इतका अवघड गेला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ होते. एका वर्षी ज्या मार्कांवर काहीच मिळालं नाही, तेवढ्याच मार्कांवर पुढच्या वर्षी चांगलं कॉलेज मिळू शकतं. म्हणून 'आपाच्या मुलाला इतक्या मार्कांवर मिळालं होतं' हा हिशोब सोडून द्या. ऑल इंडिया रँक पाहा आणि राज्याच्या गुणवत्ता यादीतला नंबर पाहा.

महाराष्ट्रात राज्य कोट्याचे प्रवेश राज्य सीईटी कक्ष करतो. सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्य कोट्यातून आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून भरतात. मागच्या वर्षी प्रत्येक फेरीत कोणत्या कॉलेजात, कोणत्या प्रवर्गात, शेवटचा प्रवेश कोणत्या नंबरवर झाला याच्या याद्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. त्या डाउनलोड करा आणि आपल्या प्रवर्गाच्या रकान्यात आपला नंबर कुठे बसतो ते पेन्सिलने खूण करून पाहा. एका संध्याकाळचं काम आहे. आपण उंबरठ्यावर आहोत की फार मागे आहोत, हे कोणत्याही नातेवाइकापेक्षा ही यादी नीट सांगते.

मार्क गेले कुठे?

नीटच्या पेपरात १८० प्रश्न असतात. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५ आणि बायोलॉजी ९०. २०२५ पासून सगळे प्रश्न सक्तीचे आहेत आणि वेळ १८० मिनिटं. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं की १ मार्क वजा.

आता एक उदाहरण घेऊ. एका मुलाने फिजिक्सचे ४० प्रश्न सोडवले. घरी येऊन सांगितलं, पेपर छान गेला, फक्त पाच सोडले. त्यातले १५ बरोबर निघाले आणि २५ चुकले. १५ चोक ६०, त्यातून २५ वजा, उरले ३५. हेच २५ प्रश्न त्याने कोरे सोडले असते तर ६० राहिले असते. या मुलाला ड्रॉपमध्ये क्लासची नुसती तीच लेक्चरं पुन्हा ऐकून फार फायदा होणार नाही. त्याला फिजिक्सचा पाया आणि अंदाजाने गोळे न रंगवण्याची सवय, या दोन गोष्टी हव्या आहेत.

दुसऱ्या मुलीला बायोलॉजीत ३६० पैकी ३०० आहेत, फिजिक्समध्ये २०. तिचा प्रश्न स्वच्छ दिसतो. एक विषय मागे आहे. दहा महिन्यांत एक विषय वर आणता येतो. तिसऱ्या मुलाचे तिन्ही विषय सारखेच अर्धवट आहेत आणि अकरावीचा अभ्यास मुळात झालेलाच नाही. त्याला वर्ष पुरेल का, हे त्याने आणि त्याच्या शिक्षकांनी खरं बोलून ठरवायला हवं.

म्हणून निकालानंतर पहिलं काम म्हणजे उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरसूची समोर ठेवून बसणं. ओएमआरची प्रत विद्यार्थ्याला ऑनलाइन मिळते, ती वेळीच डाउनलोड करून ठेवा. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एक शब्द लिहा: 'आलंच नाही', 'आठवलं नाही', 'घाई', 'अंदाज', 'इंग्रजी समजलं नाही'. शेवटी प्रत्येक शब्द किती वेळा आला ते मोजा. 'आलंच नाही' सगळ्यात जास्त असेल तर अभ्यासक्रम बाकी आहे. 'घाई' आणि 'अंदाज' जास्त असतील तर सराव कमी पडला आहे. सरावाची कमतरता एका वर्षात भरून निघते.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांसाठी

वरच्या यादीतला शेवटचा शब्द, 'इंग्रजी समजलं नाही', हा आपल्या मुलांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेलं मूल अकरावी सायन्सला येतं तेव्हा पुस्तकं एकदम इंग्रजीत होतात. उर्दूत ज्याला 'ज़ियाई तालीफ़' म्हणत होतो, मराठीत 'प्रकाशसंश्लेषण', ते आता 'फोटोसिंथेसिस' होतं. संकल्पना तीच, पण मुलाला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. अकरावीचं अर्धं वर्ष या शब्दांशी झगडण्यात जातं आणि नीटमध्ये अकरावीचा अभ्यासक्रम पूर्ण येतो.

अशा मुलाचा पहिला निकाल त्याच्या कुवतीचा पूर्ण हिशोब देत नाही. बारावी संपता संपता त्याची भाषा जमू लागलेली असते. त्याला मिळालेलं एक वर्ष खरोखर अभ्यासाचं पहिलं वर्ष ठरू शकतं. ज्यांच्या यादीत भाषेमुळे गेलेले मार्क जास्त आहेत, त्यांनी ड्रॉपचा विचार करायला हरकत नाही.

नीटचा पेपर १३ भाषांत निघतो. त्यात मराठी आहे आणि २०१८ पासून उर्दूही आहे. उर्दू किंवा मराठी निवडली तर पुस्तिकेत इंग्रजी प्रश्नही सोबत असतो आणि अनुवादात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात. मात्र ज्याने दोन वर्षं सगळा अभ्यास इंग्रजीत केला, त्याने केवळ मादरी ज़बान म्हणून उर्दू निवडण्याआधी दोन-तीन सराव पेपर त्या भाषेत सोडवून पाहावेत. एनसीईआरटीची पुस्तकं उर्दूतही निघतात. समजून घ्यायला ती जवळ ठेवा, पण शब्द इंग्रजीत पाठ करा.

ड्रॉप कोणी घ्यावा, कोणी नाही

कोणत्याही आकड्यावर रेघ ओढता येत नाही, पण काही खुणा सांगता येतात.

थांबायला हरकत नाही, जर: गेल्या वर्षीच्या यादीत आपल्या प्रवर्गात नंबर थोडक्यात हुकला असेल, मार्क जाण्याचं कारण एक-दोन ठिकाणी सापडत असेल, परीक्षेच्या काळात आजारपण, घरातली मयत, असं काही घडलं असेल जे पुन्हा घडायचं कारण नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मुलाला स्वतःला पुन्हा बसायचं असेल.

थांबू नये, जर: मुलाला नको आहे आणि फक्त आपल्याला हवं आहे, बारावीच्या वर्षात क्लास होता, वेळ होता, तरी तिन्ही विषय अर्धे राहिले आणि पुढच्या वर्षी वेगळं काय करणार याचं उत्तर नाही, किंवा घरावर कर्ज काढून क्लासची फी भरावी लागणार आहे. क्लासच्या जाहिरातीत पास झालेल्यांचे फोटो असतात. त्याच वर्गात बसलेल्या बाकीच्यांचे फोटो कुठेही लागत नाहीत.

दुसऱ्यांदा ड्रॉप घ्यायचा असेल तर आणखी सावध राहा. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नातल्या रँकमध्ये किती फरक पडला ते पाहा. रँक झपाट्याने पुढे आली असेल तर बोलण्यासारखं आहे. तिथेच राहिली असेल तर तिसऱ्या वर्षी त्याच पद्धतीने वेगळं काही होईल, असं मानायला आधार नाही.

बीएस्सी करता करता नीट

काही घरांत मधला रस्ता काढतात. बीएस्सी किंवा बीफार्मला प्रवेश घ्यायचा आणि सोबत नीटची तयारी करायची. वयाची अट नसल्यामुळे नियमात हे बसतं. मुलाच्या डोक्यावरचं दडपणही कमी होतं.

पण हे करताना एक गोष्ट ठरवा, पहिलं काम कोणतं? बीफार्मला हजेरी, प्रॅक्टिकल आणि सेमिस्टरच्या परीक्षा असतात. दिवसभर कॉलेज आणि रात्री नीट, असं करताना अनेक मुलं दोन्हीकडे अर्धी राहतात. साध्या बीएस्सीत वेळ जरा जास्त मिळतो. ज्याला औषधनिर्माणात खरंच रस आहे, त्याने बीफार्म मनापासून करावं. फक्त 'वर्ष वाया गेलं असं दिसू नये' म्हणून फी भरू नये. शाळा सोडल्याचा दाखला आणि मूळ कागद कॉलेजात जमा होतात, ते परत कसे आणि कधी मिळतील हेही प्रवेशाआधी विचारून घ्या.

कागदपत्रं: इथे खरं वर्ष वाया जातं

अभ्यासामुळे गेलेलं वर्ष लोकांना दिसतं. कागदामुळे गेलेलं वर्ष कोणी मोजत नाही. मार्क असूनही प्रमाणपत्र वेळेवर नाही म्हणून मूल राखीव प्रवर्गातून खुल्या प्रवर्गात जातं आणि सीट हातची जाते.

महाराष्ट्रात आज मुस्लिम म्हणून वेगळं आरक्षण नाही. २०१४ मध्ये काढलेला पाच टक्क्यांचा अध्यादेश कायद्यात बदलला नाही आणि संपला. पण मोमीन-अन्सारी, बागवान, पिंजारी-मन्सुरी, तांबोळी, मणियार, अत्तार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. छप्परबंद विमुक्त जातींत येतात. आपली बिरादरी यादीत आहे का, हे शहरात राहणाऱ्या कित्येक कुटुंबांना माहीतच नसतं.

जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे पुरावे मागतात. अडचण अशी की आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात बहुधा नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग चुलत घराण्यातले दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे जुने कागद शोधावे लागतात. समितीच्या दक्षता पथकाची घरी चौकशीही होऊ शकते. हे पंधरा दिवसांत होत नाही. कॉलेजच्या पत्रासह अर्ज अकरावी-बारावीतच करायचा असतो. वडील, सख्खा भाऊ, बहीण किंवा चुलते यांच्यापैकी कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते जोडा, काम बरंच सोपं होतं.

त्याशिवाय नॉन क्रिमीलेयर प्रमाणपत्र लागतं. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे, पण नोकरदार आणि शेतकरी पालकांचं उत्पन्न मोजण्याचा निकष वेगळा आहे. पगार जास्त दिसतो म्हणून स्वतःच स्वतःला बाद करू नका, तहसील किंवा सेतू कार्यालयात विचारा. जे कोणत्याही आरक्षणात येत नाहीत, त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएस आहे. त्याचं प्रमाणपत्र एका आर्थिक वर्षापुरतं असतं, म्हणून दरवर्षी नवं काढावं लागतं. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राची ओबीसी यादी लागू होते. राज्याच्या यादीत असलेली बिरादरी तिथे आहे का, ते वेगळं तपासा.

आता निर्णयाकडे येऊ. मुलाचा नंबर खुल्या प्रवर्गात हुकतो, पण ओबीसीत बसतो, आणि वैधतेचा अर्ज समितीकडे पडून आहे, अशा घरात ड्रॉपचं कारण मार्क नाहीत. त्या घराने सगळ्यात आधी समितीच्या कार्यालयात पाठपुरावा करावा. त्यातूनही थांबावं लागलं, तर ते वर्ष अभ्यासासोबत कागदांसाठीही वापरावं.

मिळालेली सीट घ्यायची की सोडायची?

नीटवर एमबीबीएस आणि बीडीएस मिळतं, तसं बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएसही मिळतं. महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीलाही नीटच लागते.

बीयूएमएस आपल्या मुलांना जवळचं आहे. पुणे, मुंबई, मालेगाव, जळगाव अशा ठिकाणी त्याची कॉलेजं आहेत. दहावीला उर्दू, अरबी किंवा फारसी असलेल्यांना पात्रतेची भाषेची अट आपोआप पूर्ण होते. कोर्स साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. पुढे एमडीही करता येतं. ज्याला हकीम म्हणून काम करायचं आहे, त्याच्यासाठी हा पूर्ण रस्ता आहे. पण मनात एमबीबीएसच असेल आणि बीयूएमएसमध्ये फक्त दिवस काढायचे असतील, तर त्या मुलाचंही नुकसान आणि ज्याला ती सीट खरंच हवी होती त्याचंही.

म्हणून निर्णय पसंतीक्रम भरण्याआधी करा. जे कॉलेज मिळालं तर जाणार नाही, ते यादीत लिहूच नका. प्रवेशाच्या फेऱ्या जशा पुढे जातात तसे सीट सोडण्याचे नियम कडक होतात. अनामत रक्कम जाते, पुढच्या फेरीतून बाहेर काढतात, कधी त्याहून जास्तही शिक्षा असते. नियम दरवर्षीच्या माहिती पुस्तिकेत छापलेले असतात. ती पुस्तिका मुलासोबत बसून वाचा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मेसेजवर राहू नका.

फीमुळे सीट सोडायची वेळ आली असेल तर थोडं थांबा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप फेरीतून झालेला हवा. अभिमत विद्यापीठ आणि व्यवस्थापन कोटा यात बसत नाहीत. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. खासगी कॉलेजचं नाव ऐकूनच नाही म्हणण्याआधी हा हिशोब करा.

घाईत परदेश नको

निकालानंतर फोन येऊ लागतात: 'वर्ष वाया घालवू नका, परदेशात एमबीबीएस करा.' परदेशात शिकून चांगले डॉक्टर झालेले लोक आहेत. पण नियम कडक आहेत. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि भारतात येऊन पुन्हा इंटर्नशिप. वर इथली परवाना परीक्षा पास व्हावी लागते. ३०० पैकी १५० मार्क लागतात आणि अनेकांना त्यासाठी एकापेक्षा जास्त प्रयत्न करावे लागतात.

परदेशी प्रवेशासाठी नीटची पात्रता तीन वर्षं चालते. म्हणजे यंदा क्वालिफाय झालेल्या मुलाला 'आजच बुकिंग करा' म्हणणाऱ्या एजंटाचं ऐकण्याची घाई नाही. एक वर्ष थांबून, पुन्हा नीट देऊनही हा रस्ता उघडाच राहतो.

मुलीचा ड्रॉप

हे लिहिणं गरजेचं आहे. मुलाने ड्रॉप घेतला तर घर त्याला 'तयारी करतोय' म्हणतं. मुलीने घेतला तर 'घरी बसली आहे' म्हणतं. मग घरकाम वाढतं, पाहुण्यांचा चहा तिच्याकडे येतो, आणि रिश्ते येऊ लागतात. हुशार मुलीचं वर्ष अशा वेळी अभ्यासात जातच नाही. मग निकाल आला की म्हणतात, बघा, एक वर्ष देऊनही झालं नाही.

मुलीला वर्ष द्यायचं असेल तर पूर्ण द्या. त्या दहा महिन्यांत लग्नाची बोलणी नकोत, स्वयंपाकघराची जबाबदारी नको, अभ्यासाची एक जागा आणि वेळ ठरलेली हवी. हे जमणार नसेल तर यंदा मिळणारी चांगली सीट घेऊन तिला कॉलेजात पाठवणं जास्त इन्साफचं आहे. फी माफीमुळे आज तिचं शिक्षण काही घरांत मुलाच्या शिक्षणापेक्षा स्वस्त पडतं, हेही लक्षात घ्या.

थांबायचं ठरलं तर

सुरुवातीलाच एका कागदावर तीन गोष्टी लिहा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा.

पहिली, काय बदलणार. 'फिजिक्स रोज दोन तास, आठवड्याला एक पूर्ण पेपर, चुकांची वही' असं नेमकं. 'खूप मेहनत' हे लिहून चालणार नाही.

दुसरी, आढावा कधी घेणार. दिवाळीच्या सुमारास एक आणि जानेवारीत एक. सराव पेपरात सुधारणा दिसत नसेल तर पद्धत बदलायची, आणि ती कशी बदलायची हे शिक्षकाला विचारायचं.

तिसरी, पर्याय कोणता. पीसीबी गटातून एमएचटी-सीईटीचा फॉर्म वेळेवर भरून ठेवा, म्हणजे बीफार्मसारखा रस्ता हातात राहतो. त्याचे फॉर्म नीटच्या बरेच आधी सुटतात आणि ड्रॉपची मुलं नेमकं तेच विसरतात.

रमजानचाही विचार आधीच करा. दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सध्या फेब्रुवारी-मार्चच्या आसपास आहे. नीट बहुधा मेच्या पहिल्या रविवारी असते, म्हणजे शेवटच्या उजळणीचा काळ आणि रोजे एकत्र येतात. सेहरीनंतरचे दोन-तीन तास डोकं ताजं असतं, अवघड विषय तेव्हा घ्या. इफ्तार आणि तरावीहनंतर हलकं वाचन ठेवा. घरच्यांनी इफ्तारच्या दावतींचा आग्रह त्या वर्षी थोडा कमी करावा.

एमबीबीएस साडेपाच वर्षांचं. पुढे एमडी किंवा एमएस करायचं तर आणखी तीन वर्षं. एवढ्या लांब रस्त्यात अठराव्या वर्षी घेतलेलं एक वर्ष फार मोठं नाही, जर ते कशासाठी घेतलं हे ठाऊक असेल. आणि ते न घेता दुसऱ्या चांगल्या कोर्सला गेलेलं मूल कुठेही कमी ठरत नाही.

येत्या निकालानंतर पहिल्या आठवड्यात कोणाला होकार-नकार देऊ नका. आधी ओएमआर तपासा, मागच्या वर्षीच्या याद्या पाहा, कागदपत्रांची फाइल उघडा. मग मगरिबनंतर सगळे एकत्र बसा आणि सगळ्यात आधी मुलाला किंवा मुलीला बोलू द्या. अभ्यास त्यांना करायचा आहे. आपण मोठ्यांनी फॉर्म, फी आणि घरातली शांतता एवढं सांभाळलं तरी पुष्कळ आहे.